पाचवे शील आणि ‘माझी मर्जी’



वर्षावासात दर रविवारी आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि वाचन संपल्यावर प्रश्नोत्तरे होतात. गेल्या वर्षावासात पाचव्या शीलाचा पाठ चालू असताना मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. तो माझा जुना विद्यार्थी. आता नागपूरला शिकतो. तो म्हणाला, “सर, दारूचे समजले. पण गांजाचे काय? कितीतरी देशांनी गांजा आता कायदेशीर केला आहे. माझे शरीर माझे आहे. मी कोणाला मारले नाही, कोणाचे चोरले नाही. खोलीचे दार लावून एक चिलीम ओढली, तर सरकारने मला तुरुंगात का टाकावे? बाबासाहेबांनीच तर आपल्याला स्वातंत्र्य शिकवले.”

वडीलधारी मंडळी चिडली. दोघातिघांनी त्याला हात धरून खाली बसवले. मी शिक्षक असूनही त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

त्यानंतर आठच दिवसांनी एक माउली शाळेत आली. तिचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. गांजाची लहानशी पुडी खिशात सापडली म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. वस्तीतल्या लोकांनी त्याला विहाराच्या पायरीवर उभे करू नये असे ठरवले होते. तिने विचारले, “गुरुजी, पोराले विहारात आनू का नको?”

एक प्रश्न कायद्याचा आहे, दुसरा आपल्या संघभावनेचा आहे. या पाठात दोन्ही प्रश्न क्रमाने सोडवू. भगवान बुद्धांनी कालामांना जी कसोटी दिली तीच आपण वापरू. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती खरी मानायची नाही, आणि ती नव्या देशांतून आली एवढ्यावरूनही मानायची नाही. तिने कोणाचे हित होते आणि कोणाचे अहित होते, हे स्वतः तपासायचे.

१. समोरच्याची बाजू

वादात समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे. अर्धवट ऐकून दिलेले उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी असे म्हणणाऱ्यांची बाजू थोडक्यात अशी आहे.

पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, सज्ञान माणसावर समाजाने सक्ती करावी ती केवळ दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याला समजवावे, विनवावे, पण दंडुका उगारू नये. त्या काळी अमेरिकेतील मेन या राज्याने १८५१ साली दारूबंदी केली होती. अशा कायद्यांवर मिलने टीका केली. हा मिल आपल्याला परका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या भाषणात, थोर पुरुषाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य अर्पण करू नका हा इशारा देताना बाबासाहेबांनी याच मिलचा आधार घेतला होता.

दुसरा मुद्दा विसंगतीचा. दारू आणि तंबाखू दुकानात विकत मिळते, गांजा मात्र गुन्हा ठरतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करवून घेतलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशातील १० ते ७५ या वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के लोक दारू घेतात. भांग, गांजा, चरस मिळून घेणारे २.८ टक्के आहेत. दारूने जगात किती माणसे मरतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात सुमारे २६ लाख. गांजाचा अतिरेक झाल्याने दारूसारखे तडकाफडकी मरण येत नाही, हेही खरे आहे.

विसंगती आणखी एक आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि चीक म्हणजे चरस, हे गुन्ह्यात येतात. त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत आणि तिचा विषय राज्यांवर सोपवला आहे. झाड एकच. पण ज्या नशेला सणाचा आणि देवाचा आधार आहे तिच्यासाठी वाट ठेवली, आणि मजुराच्या चिलमीसाठी तुरुंग ठेवला. आपल्यासारख्यांना ही गोष्ट चटकन समजते. एकाच कृत्याला कोणी केले हे पाहून वेगळे माप लावण्याची पद्धत आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ भोगली आहे.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये या विषयावर एक आयोग नेमला. देशभर शेकडो साक्षी घेऊन त्याने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सर्वसाधारणपणे फारशी हानी दिसत नाही, अतिसेवनाने मात्र होते. म्हणून पूर्ण बंदी नको, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. १९८५ च्या कायद्यापूर्वी देशाच्या अनेक भागांत परवान्याची गांजाची दुकाने होती.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जाळ्यात कोण सापडतो? मुंबईतील न्यायालयांत २०१७ आणि २०१८ साली चाललेल्या खटल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात बहुसंख्य खटले विक्रेत्यांवर नव्हते, स्वतः ओढणाऱ्यांवर होते, आणि ते बहुतेक रोजमजूर आणि झोपडपट्टीत राहणारे होते. ज्याला बंगला आहे त्याची खोली कोणी झडत नाही. ज्याला खोलीच नाही तो पुलाखाली सापडतो.

जगाचे म्हणाल तर पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरते बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाला कायदेशीर केले. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्येच सज्ञान माणसाचे खाजगी जागेतील सेवन हा त्याचा खाजगीपणाचा हक्क मानला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून सज्ञानांना मर्यादित प्रमाणात मोकळीक दिली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजा सर्वांत कडक यादीतून वगळला. त्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले.

आपल्या देशातील कायदा मात्र आजही कडक आहे आणि तो मुलांना ठाऊक असला पाहिजे. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो. तो जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोहून अधिक असल्यास किमान दहा वर्षे. पुडी लहान असली तरी भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो.

ही झाली समोरची बाजू. ती पोरकट नाही. मागच्या रांगेतल्या मुलाला खाली बसवणे ही आपली चूक होती.

२. बाबासाहेबांनी काय केले?

आता बाबासाहेबांकडे वळू. या विषयात त्यांच्या आयुष्यातील तीन प्रसंग एकत्र ठेवून पाहिले पाहिजेत. एकच उचलला तर दिशाभूल होते.

पहिला प्रसंग नोव्हेंबर १९४८ चा. आज ४७ वे कलम म्हणून ओळखले जाणारे कलम घटना समितीपुढे आले. मूळ मसुद्यात नशाबंदीचा उल्लेख नव्हता. औषधी उपयोग सोडून मादक पेये आणि आरोग्यास घातक अंमली द्रव्ये यांचे सेवन बंद करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, ही भर सभासदांच्या दुरुस्तीने पडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. २४ नोव्हेंबरला त्यावर चर्चा झाली. कोल्हापूरचे प्रतिनिधी खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेवरून विरोध केला. आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी सांगितले की, तांदळाची दारू ही आदिवासींच्या धर्मविधीचा भाग आहे, आणि संथाल मजुराला ती मिळाली नाही तर बंगालात भाताची रोवणीच होणार नाही. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते केव्हा आणि कसे अंमलात आणावे हे राज्याने आणि लोकमताने ठरवायचे आहे, आणि आदिवासी भागांचे म्हणणे विचारात घेण्याची सोय घटनेत ठेवली आहे.

दुसरा प्रसंग १९५१ चा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा निघाला. अनेकांना ठाऊक नसते की त्यात सरकारी दारूबंदीवर कडक टीका आहे. दारूबंदीने सरकारचे उत्पन्न बुडते, शिक्षणासारख्या कामांना पैसा उरत नाही, आणि पिणे तर थांबत नाही. उलट दारू घरोघर गाळली जाऊ लागते, आणि जे व्यसन पुरुषांपुरते होते ते बायकामुलांपर्यंत पोहोचते, असा त्या टीकेचा आशय होता.

तिसरा प्रसंग १४ ऑक्टोबर १९५६ चा. नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत त्यांनी मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो लोकांना दीक्षा मिळाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. आपल्या आजोबांच्या पिढीने त्या मैदानावर ही प्रतिज्ञा घेतली आहे.

मग बाबासाहेब दारूच्या बाजूचे की विरुद्ध? वर वर पाहणाऱ्याला तिन्ही प्रसंगांत विसंगती दिसेल. माझ्या मते विसंगती नाही. पोलिसाच्या काठीने नशा सुटेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाच्या मनाने ती सुटते यावर होता. म्हणून त्यांनी कायद्याबाबत सावधपणा ठेवला आणि प्रतिज्ञेबाबत तडजोड ठेवली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हाच फरक दाखवला. बुद्धाचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा आहे, बळाचा नाही. जे मन पालटून होते तेच टिकते.

३. आपल्या दोन जिल्ह्यांचा अनुभव

हा फरक आपण पुस्तकात शोधण्याची गरज नाही. तो आपल्या दारात घडला आहे.

गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. बायका, तरुण, कार्यकर्ते, डॉक्टर सारे तिच्यात होते. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती आजही आहे. शेजारच्या चंद्रपुरात डिसेंबर २०१० मध्ये ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी आली. आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. कारणे कोणती दिली? अवैध विक्री वाढली, महसूल बुडाला, बायका आणि मुले या धंद्यात ओढली गेली. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या जाहीरनाम्याशी ही कारणे ताडून पाहा.

तरीही मी म्हणणार नाही की बंदी व्यर्थ होती. मी माझ्या घरचे सांगतो. गडचिरोलीत बंदी आली तेव्हा मी अजाण होतो. आमच्या गावचे दुकान बंद झाले, दारू बंद झाली नाही. नाल्याकाठी मोहाचा सडवा पडू लागला आणि हातभट्टी निघू लागली. माझे वडील रोवणीच्या दिवसांत मजुरीचे पैसे घेऊन निघायचे ते रिकाम्या हाताने परतायचे. दहावीच्या परीक्षेची फी माझ्या आईने तांब्याची घागर मोडून भरली. म्हणजे कायदा होता, आणि घागरही मोडली गेली.

मग बदल कसा झाला? गावच्या बायकांनी गट केला. त्यांनी पोलिसांची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतः सडव्याचे मडके फोडले, गाळणाऱ्याच्या घरी जाऊन बसल्या, त्याला दुसरे काम मिळवून दिले. आणि एका पौर्णिमेला विहारात माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर पुन्हा पंचशील घेतले. पुढे ते दोनदा घसरले. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना हाकलले नाही. तिसऱ्यांदा ते सावरले. मी पदवीधर झालो तेव्हा ते शुद्धीत होते, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे.

कायद्याने काय केले? त्याने माझ्या आईच्या हाती बळ दिले. “हे बेकायदा आहे,” असे ती ठणकावून म्हणू शकली. पण काम तिने केले, मन वडिलांनी पालटले. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने जिल्ह्यातील अनेक गावांत गावसंघटना उभ्या केल्या आणि उपचारांची सोय केली. त्यामागेही हाच अनुभव आहे.

४. शील आणि कायदा

नवदीक्षित कुटुंबांत एक गैरसमज आढळतो. पंचशील म्हणजे देवाच्या आज्ञेसारखे काहीतरी आहे, ते मोडले की पाप लागते, अशी जुन्या धर्मातली समजूत आपण नकळत बरोबर आणतो. तसे नाही. प्रत्येक शीलाला शिक्षापद म्हणतात. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. ती मी स्वतः, स्वतःच्या मुखाने स्वीकारतो. कोणी माझ्यावर लादत नाही. बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम सांगतो, एवढेच कर. तत्त्व विचार करायला लावते आणि कृतीची जबाबदारी तुमच्यावर टाकते.

म्हणून ‘गांजाचे नाव शिक्षापदात नाही’ ही पळवाट चालत नाही. पाचव्या शीलाचा रोख बाटलीवर नाही, प्रमादावर आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान हरपणे. ज्याने भान जाते ते सर्व त्यात आले, मग ते मोहाचे असो, झाडाच्या फुलोऱ्याचे असो, की कारखान्यातल्या गोळीचे असो.

विनयपिटकात स्वागत थेरांची कथा आहे. हे भिक्खू मोठे सामर्थ्यवान. त्यांनी एका भयंकर नागाला नमवले. त्यांची कीर्ती पसरली. कौशांबीच्या लोकांनी आदराने घरोघर त्यांना मद्य दिले. ते पिऊन थेर नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी उचलून आणून त्यांना भगवंतांकडे डोके करून निजवले, पण ते वळून भगवंतांकडे पाय करून झोपले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, पूर्वी हा आपल्याबद्दल आदर राखीत होता ना? आणि ज्याने नागाला नमवले, तो आता पाण्यातल्या साध्या सापाला तरी नमवू शकेल काय? त्यानंतर भिक्खूंसाठी मद्याचा नियम झाला. कथेत स्वागत थेरांना कोणी शाप दिला नाही, संघाबाहेर काढले नाही. त्यांचे काय हरवले तेवढे दाखवले.

आणि गृहस्थांसाठी सिगालाला केलेल्या उपदेशात नशेचे सहा तोटे सांगितले आहेत. धनाची हानी, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. हे सहाही तोटे याच जन्मातले आहेत, परलोकातले नाहीत. आपल्या वस्तीत फिरून ज्याला त्याला ते मोजता येतील.

५. ‘माझी मर्जी’ तपासून पाहू

आता त्या तरुणाच्या युक्तिवादाकडे परत येऊ.

एक. ‘मी दार लावून ओढतो, कोणाला इजा नाही.’ बाबा रे, आपल्या घरांना किती खोल्या असतात? ज्याच्या मजुरीवर चार तोंडे अवलंबून आहेत त्याच्या नशेला दार नसते. मिलनेही म्हटले आहे की ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे तो ती चुकवील तर प्रश्न केवळ त्याचा राहत नाही.

दोन. ‘ही माझी निवड आहे.’ पहिल्या दिवशी असेल. पण जे ओढतात त्यांच्यापैकी काहींना त्याची गुलामी जडते, आणि कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांना ती अधिक जडते. लहान वयापासून, रोज, जहाल गांजा ओढणाऱ्यांत भ्रमाच्या मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवले आहे. जिथे ‘नको’ म्हणण्याची शक्ती उरली नाही तिथे ‘मर्जी’ हा शब्द वापरता येत नाही. आपले पूर्वज दुसऱ्याचे गुलाम होते. तृष्णेचे गुलाम होण्यासाठी आपण धर्मांतर केले नाही.

तीन. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य हा शब्द एकटा कधी ठेवला नाही. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीतून आलेली नसून आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून आली आहे. विक्री खुली झाली की दुकान कोणाच्या वस्तीत उघडते, हे देशी दारूच्या दुकानांकडे पाहून सांगता येते. हे समतेच्या बाजूने विचारले पाहिजे.

चार. परदेशाचे उदाहरण घ्यायचे तर पूर्ण घ्यावे. थायलंड हा बौद्धबहुल देश. त्याने जून २०२२ मध्ये गांजा अंमली यादीतून काढला. गल्लोगल्ली दुकाने झाली. तीनच वर्षांनी, जून २०२५ मध्ये, वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको असा नियम तेथे करावा लागला.

पण एवढे सांगून त्याचा मुद्दा संपत नाही. इथे एक भेद नीट समजून घ्या. ‘विक्री खुली करणे’ ही एक गोष्ट आहे आणि ‘ओढणाऱ्याला गुन्हेगार न मानणे’ ही वेगळी गोष्ट आहे. पोर्तुगालने दुसरी केली, पहिली केली नाही. माझ्या तरुण मित्राचे चार मुद्दे पुन्हा वाचा. मुंबईच्या पुलाखालचा मजूर, भांग आणि गांजा यांतला दुजाभाव, भरती हुकलेला मुलगा, हे सारे मुद्दे दुसऱ्या गोष्टीची बाजू सिद्ध करतात. दुकाने उघडा, असे त्यांतून निघत नाही.

६. निष्कर्ष

माझे मत मी स्पष्ट मांडतो. विचार करून ते स्वीकारावे किंवा नाकारावे.

कायद्याने मोकळे केलेले सर्व काही धम्माने कुशल ठरत नाही. उद्या गांजा कायदेशीर झाला तरी पाचवे शील जसेच्या तसे राहील. उलट, शील मोडले म्हणून माणूस तुरुंगाला पात्र होत नाही. खोटे बोलणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे, म्हणून प्रत्येक खोट्याला आपण बेड्या मागत नाही. नशेत सापडलेल्याला उपचार हवा. धंदा करणाऱ्याला, त्यातही मुलांना विकणाऱ्याला, कायद्याने रोखावे. आणि गावात विक्री असावी की नसावी हे ज्यांचे घर मोडते त्यांनी ठरवावे. याची साधने आपल्या हाती आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. इतर जिल्ह्यांत जिथे परवान्याची दुकाने आहेत तिथे स्त्रिया मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल देतात आणि दुकान बंद करवतात. १९४८ साली बाबासाहेबांनी लोकमतावर जे सोपवले ते हेच.

आणि त्या माउलीचा प्रश्न? तिला मी उत्तर दिले, “बाई, पोराला जरूर आणा. पहिल्या रांगेत बसवा.” वस्तीतल्या मंडळींना मी एवढेच विचारले की, ज्या धर्माने आपल्याला पायरीवर उभे केले नाही तो आपण सोडला. आता आपण आपल्याच लेकराला पायरीवर उभे करणार नाही, तर आपल्यात काय बदलले? कोणी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी तो आला. त्याचा खटला अजून चालू आहे. भरती हुकली. पण दर रविवारी सतरंज्या तोच अंथरतो. नागपूरचा मुलगा सुट्टीत आला की त्याच्या शेजारी बसतो. दोघांचे वाद चालतात. चालू द्या.

कुटुंबांसाठी दोन व्यवहाराच्या सूचना. कोणी व्यसनात सापडला असेल तर लपवू नका. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घेईल तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. ती वकिलाला विचारून घ्या. दुसरे, खर्रा. गांजाला नावे ठेवणारे आपण विहाराबाहेर खर्रा घोटतो, आणि तो आणायला मुलाला टपरीवर पाठवतो. मुले आपले ऐकण्याआधी आपल्याला पाहतात. माझ्या खिशातली पुडी मी गेल्या वैशाख पौर्णिमेला सोडली. अजून सवयीने हात खिशाकडे जातो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आज्ञा आणि शिक्षापद यांत फरक काय? प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे.

२. बाबासाहेबांच्या १९४८, १९५१ आणि १९५६ च्या भूमिकांत विसंगती आहे असे वाटते का? कारणे द्या.

३. सिगालाला सांगितलेल्या सहा तोट्यांपैकी कोणते आपल्या घराने भोगले? मुलांसमोर बोलायला जड जाईल, तरी बोला.

४. ‘विक्री खुली करणे’ आणि ‘सेवनाला गुन्हा न मानणे’ यांत घरातील तरुणांचे मत काय? त्यांना मध्येच थांबवू नका. पूर्ण ऐकून घ्या.

जयभीम.